घडवंचीची धाकटी बहीण

अकोल्यात मे महिन्यात ठोकून घट्ट बसवलेला लाकडाचा सांधा श्रावणात फुगून तडकू शकतो, आणि श्रावणात बसवलेला सांधा पुढच्या मेमध्ये खडखड वाजतो. करवत तीच, हात तोच, लाकूडही तेच. बदलते ती हवा. घरच्या घरी कुंडीसाठी लाकडी स्टँड करायचा म्हटलं, की माणूस आधी मोबाईलवर चित्र शोधतो, त्याखालची मापं उतरवून घेतो आणि थेट वखारीत जातो. ती मापं चुकीची नसतात. ती दुसऱ्या कुठल्यातरी हवेची असतात, एवढंच. जिथे वर्षभर हवेतला दमटपणा फारसा हलत नाही तिथे चार पाय आणि वर एक रुंद फळी ठोकली तरी चालून जातं. वऱ्हाडात ते चालत नाही. इथल्या स्टँडला माथ्यावर फळी नकोच, तो सगळा उभ्या-आडव्या काठ्यांचा असावा आणि कुंडीच्या बुडाखालून वारा वाहता असावा, असं माझं म्हणणं आहे. ही काही नवी युक्ती नव्हे. पाण्याचे माठ ठेवायला आपल्या घरांत जी घडवंची असायची, तिनं हा प्रश्न केव्हाच सोडवून ठेवलेला आहे.

लाकूड हलतं म्हणजे काय, हे अकोल्याच्या माणसाला समजावून सांगायला फार शब्द लागू नयेत, कारण त्याच्या पायाखालची जमीन तेच करते. पूर्णेच्या खोऱ्यातली काळी भारी जमीन उन्हाळ्यात अशी भेगाळते की भेगेत अख्खा हात जावा, आणि पहिल्या दोन-तीन दमदार पावसांत त्या भेगा अशा मिटतात की तिथे काही होतं याची खूणही उरत नाही. या मातीतल्या चिकणमातीचे कण पापुद्र्यांचे असतात. पापुद्र्यांमध्ये पाणी शिरलं की ते फुगतात, गेलं की आवळतात. घरांच्या भिंतींना पडणाऱ्या तिरप्या चिरा पुष्कळदा याच उचक्यांच्या असतात. लाकडाची रचना वेगळी, पण गोष्ट तीच. लाकूड म्हणजे एकमेकांना चिकटलेल्या बारीक नळ्यांची मोळी. झाड तोडल्यावर नळ्यांच्या पोकळीतलं पाणी आधी निघून जातं आणि तोवर लाकडाच्या आकारात काही फरक पडत नाही. ओलावा साधारण तीस टक्क्यांच्या खाली उतरला, की मग नळ्यांच्या भिंतींमध्ये मुरलेलं पाणी जायला लागतं आणि तिथून आकसणं सुरू होतं. ते कधीच कायमचं थांबत नाही. हवा दमट झाली की भिंती पुन्हा पाणी ओढतात, कोरडी झाली की सोडतात. पन्नास वर्षांपूर्वीच्या दरवाजाचं लाकूडही हेच करतं. ‘जुनं लाकूड आता हलायचं नाही’ ही समजूत अर्धीच खरी आहे: जुनं लाकूड ओल्या लाकडासारखं वाळताना वाकडंतिकडं होत नाही, पण ऋतूंबरोबरची त्याची ये-जा चालूच राहते.

किती हलतं, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. बाहेरच्या हवेत ठेवलेलं लाकूड त्या हवेच्या मानानं स्वतःचा ओलावा ठरवतं. अकोल्याच्या मे महिन्यात, दुपारची हवा भट्टीसारखी कोरडी असते तेव्हा, लाकडातला ओलावा चार-पाच टक्क्यांपर्यंत उतरू शकतो. ऑगस्टच्या झडीत तोच पंधरा-सोळापर्यंत चढतो. म्हणजे दहाएक टक्क्यांचा चढउतार. मुंबई-कोकणात मे महिनासुद्धा घामाचाच असतो, त्यामुळे तिथल्या लाकडाला एवढी मोठी चढण चढावी लागत नाही. 2024च्या मे अखेरीस पारा पंचेचाळिशीच्या पुढे गेला म्हणून कलम 144 लावावं लागलेल्या अकोला जिल्ह्याची गोष्ट वेगळी. आता साग हे सगळ्यांत कमी हलणाऱ्या लाकडांपैकी एक. तरी पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईतो ते वर्तुळाकार वलयांच्या दिशेनं पाच-साडेपाच टक्के आकसतं. या प्रमाणात दहा टक्के ओलाव्याच्या फरकाला रुंदीत जवळजवळ दोन टक्के फरक येतो. एक फूट रुंदीची सागाची फळी म्हणजे मे आणि ऑगस्टमध्ये पाच-सहा मिलिमीटरचं अंतर. तिला दोन्ही काठांना आडव्या पट्टीवर पक्के स्क्रू मारले असतील, तर ती हलणार कुठे? मग ती मधोमध चिरते, नाहीतर पन्हाळीसारखी वाकते, आणि त्या पन्हाळीत कुंडीतून गळलेलं पाणी साचून राहतं.

हिशेबाची दुसरी बाजू जास्त कामाची आहे. लाकूड आडवं हलतं, उभं जवळजवळ हलतच नाही. रेषांच्या दिशेनं, म्हणजे लांबीत, त्याचं आकसणं इतकं किरकोळ असतं की स्टँडच्या मापात ते मोजायचीही गरज नाही. जुन्या वाड्यांच्या दरवाजांची सगळी रचना या एका गोष्टीवर उभी आहे: बाहेरची चौकट अरुंद, लांब तुकड्यांची, आतला रुंद दिला चौकटीच्या खाचेत नुसता सरकवून ठेवलेला, ना खिळा ना सरस. तो आत फुगो वा आवळो, दार मापातच राहतं. बैलगाडीच्या चाकाचंही तसंच. कोरड्या उन्हाळ्यात लाकूड आवळलं की लोखंडी धाव ढिली पडते आणि चाक बोलायला लागतं, हे गाडी वापरणाऱ्याला पुस्तकात वाचावं लागलं नाही. तेव्हा स्टँडच्या बाबतीत निष्कर्ष सरळ आहे. रुंदीवर अवलंबून असलेला भाग जितका कमी, तितकी भानगड कमी. फळी काढून टाकली आणि तिच्या जागी दीड-दोन इंचांच्या काठ्या घेतल्या, की प्रत्येक काठीच्या वाट्याला एक मिलिमीटरहूनही कमी हालचाल येते आणि ती शेजारच्या फटीत जिरते.

पण हे झालं हवेतल्या ओलाव्याचं. कुंडीच्या स्टँडवर वरून रोज पाणी पडतं, आणि घडवंचीकडे पाहायचं ते इथे. पाझरणारा मातीचा माठ चोवीस तास अंगावर घेऊन हे लाकडी सामान घरोघरी वर्षानुवर्षं टिकत आलं. याचं श्रेय नुसत्या सागाला देऊन चालणार नाही. माठाचं बूड घडवंचीवर सगळं टेकत नाही. ते आडव्या काठ्यांवर किंवा गोल कापलेल्या छिद्राच्या कडेवर थोडंसंच टेकतं, बाकी उघडं राहतं. माठातलं पाणी गार व्हायला बुडालाही वारा लागतो, म्हणून ती रचना. पण त्याच वाऱ्यानं लाकूडही वाळत राहतं. कुजणं म्हणजे बुरशीनं लाकूड खाणं, आणि ओलावा वीस टक्क्यांच्या खाली असेल तर बुरशीला ते खाता येत नाही. आपल्या हवेत तर भर पावसाळ्यातही नुसत्या दमटपणानं लाकूड एवढं ओलं होत नाही, हे वरच्या आकड्यांवरून दिसतंच. म्हणजे छपराखाली ठेवलेलं लाकूड अकोल्यात आपण होऊन कुजत नाही, आपण त्याला कुजवतो: कुंडीच्या सपाट बुडाखाली आणि पायांच्या तळाशी, जिथे घातलेलं पाणी वाळायला वाव ठेवलेला नसतो. तुळशीला रोज तांब्याभर पाणी ओतायचं म्हणून तिला विटा-चुन्याचं वृंदावन आणि नुसत्या पाझरणाऱ्या माठाला लाकडाची घडवंची, ही वाटणी श्रद्धेतून आली असो की सवयीतून, सामानाच्या दृष्टीनं अगदी बरोबर आहे. कुंडी या दोघांच्या मध्ये कुठेतरी बसते. तिला पाणी ओततात तुळशीसारखं आणि ती ठेवतात माठासारखी.

या सगळ्याला पुरा पडणारा सगळ्यांत साधा आकार म्हणजे चार पाय आणि मध्ये फुली. बारा इंची कुंडीचा हिशेब धरू. तिच्यात पंधराएक लिटर माती मावते आणि काळ्या मातीचं मिश्रण पाण्यानं तर झालं की सगळं मिळून पंचवीस किलोच्या घरात जातं. घरात उचलाउचल करणाऱ्याला हा आकडा कमरेनं माहीत असतो. फुलीच्या दोन काठ्या दीड इंच रुंद, दोन इंच उभ्या. त्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकीला वरून एक इंच खोल खाच, दुसरीला खालून एक इंच. दोन्ही एकमेकींत बसल्या की माथा सपाट. खाच कापताना आधी गुण्यानं आणि टोकदार सुरीनं रेघ ओढायची, पेन्सिलीनं नव्हे, कारण सुरीची रेघ वरच्या रेषा कापून ठेवते आणि करवतीनं कड फाटत नाही. मग रेघेच्या आतल्या अंगाला करवतीचे चार-पाच काप, एक इंच खोल, आणि मधले तुकडे पटाशीनं उडवायचे. पटाशी दोन्ही बाजूंनी मध्याकडे चालवायची, एका बाजूनं आरपार नाही, नाहीतर पलीकडची कड ढलपीसकट निघते. खाच कापून काठीची जाडी निम्मी उरते म्हणून भीती वाटते, पण कुंडीचा भार दोन काठ्यांत वाटला जातो, काठी फूटभरच लांब असते, आणि उरलेल्या एक इंच सागाला हे वजन जड नाही. असे स्टँड मोडतात ते फुलीत नव्हे, पायाच्या सांध्यात. फुलीचं टोक पायाला नुसत्या एका स्क्रूनं जोडलं तर पाय त्या स्क्रूभोवती फिरतो. म्हणून प्रत्येक सांध्यात एक लांब स्क्रू आणि त्याच्या खाली एक लाकडी खुंटी, गोंद लावून. पाय दीड इंच चौरस, अठरा इंच उंच, आणि फुलीच्या वर त्यांची तीन-चार इंच टोकं ठेवायची, म्हणजे कुंडी सरकत नाही. आतल्या बाजूला कुंडीभोवती पाव इंचाची मोकळीक पुरे. दोन समोरासमोरच्या पायांतलं अंतर फुलीच्या लांबीवर ठरतं, लांबी हलत नाही, त्यामुळे श्रावणात कुंडी अडकून बसण्याचा प्रश्न येत नाही.

इथे कोणी विचारेल, तिवईला तीनच पाय असतात आणि ती कधी डगमगत नाही, मग आपण चार कशाला? तीन पाय कुठल्याही खडबडीत जागी टेकतात हे खरंच आहे, आणि आपल्याकडच्या जुन्या शहाबादी फरशीवर तो मोठा गुण आहे. पण न डगमगणं आणि न कलंडणं या दोन निराळ्या गोष्टी. मध्यापासून पाय दहा इंचांवर आहेत असं धरलं, तर चार पायांच्या स्टँडचा कलंडायचा काठ मध्यापासून सात इंचांवर पडतो, तीन पायांच्या स्टँडचा पाच इंचांवरच. माठ बुटका नि जड, त्याचा भार खाली. झाड वर वाढतं, एका अंगाला झुकतं, आणि वैशाखाच्या वावटळीत शिडासारखं काम करतं. कुंडीला चार पायच बरे. डगमगलं तर एका पायाखाली रबराचा तुकडा.

फुलीच्या खाचेची रुंदी किती ठेवायची हा प्रश्न पुन्हा कॅलेंडरवर येऊन थांबतो. एका काठीतली खाच दुसरीच्या रुंदीइतकी असते. खाचेचं माप लांबीच्या दिशेनं असल्यामुळे ते वर्षभर तेवढंच राहतं; तिच्यात बसणारी काठी मात्र रुंदीत फुगते-आवळते, दीड इंचाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास. मेमध्ये चपखल केलेल्या खाचेला ऑगस्टमध्ये हा पाऊण मिलिमीटर सोसावा लागतो, आणि ऑगस्टमध्ये केलेल्या खाचेत मेमध्ये तेवढी फट पडते. म्हणून हे काम दिवाळीनंतर, होळीच्या आत करावं. त्या दिवसांत लाकूड दोन टोकांच्या मधल्या ओलाव्यावर असतं आणि दोन्हीकडची हालचाल निम्म्यावर येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन करायचा बेत असेल तर खाच हातानं सरकेल इतकी सैल ठेवावी आणि फुलीला गोंद न लावता खालून एकच स्क्रू मारावा. आणखी एक गोष्ट: लाकूड आणल्यावर आठ-पंधरा दिवस स्टँड जिथे राहणार तिथेच पडू द्यावं. कूलरच्या खोलीत वापरायचा स्टँड आणि गॅलरीत वापरायचा स्टँड यांची हवा एकाच घरात, एकाच मे महिन्यात, दोन गावांइतकी वेगळी असते.

सगळ्यांत जोरदार आक्षेप लोखंडाचा आहे आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. वेल्डिंगवाला चौकाचौकात आहे, त्याचा स्टँड तासाभरात होतो, आणि लोखंड ना फुगतं ना आकसतं म्हणावं इतकं. उघड्या गच्चीवर, थेट उन्हा-पावसात ठेवायचं असेल तर मीही लोखंडच सुचवीन. तिथे ऊन लाकडाचा पृष्ठभाग दोन-तीन वर्षांत करडा करतं आणि पावसाचं पाणी सांध्यात उभं राहतं. पण व्हरांडा, गॅलरी, खिडकीचा कठडा इथे हिशेब पालटतो, आणि तो पालटवणारी गोष्ट खास आपली आहे. पूर्णेच्या दोन्ही अंगांना अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांतून खारपाणपट्टा, म्हणजे जमिनीखाली खारं पाणी असलेला पट्टा, पसरला आहे. काटेपूर्णा धरणाचं नळाचं पाणी रोज येत नाही, ते पिण्याला जपून ठेवतात. झाडांच्या वाट्याला पुष्कळ घरांत बोअरचंच पाणी येतं. ते खारं असलं की कुंडीच्या बाहेरून पांढरा थर चढतो, आणि तोच थर लोखंडी स्टँडच्या वेल्डिंगवर बसला की रंगाखालून गंज सुरू होतो, फरशीवर तांबडे गोल उमटतात ते निघता निघत नाहीत. लाकडालाही खार पूर्ण माफ नाही. मिठाचा थर हवेतला ओलावा धरून ठेवतो, म्हणून महिन्यातून एकदा ओल्या फडक्यानं तो पुसायला हवा. आणि स्क्रू स्टीलचेच हवेत. दोन-चार रुपये वाचवायला साधे लोखंडी स्क्रू घेतले, तर गंजून लाकडाच्या आत त्यांचे आटे झडतात आणि सांधा बाहेरून शाबूत, आतून पोकळ होतो.

‘मग पॉलिश मारून टाकू, पाणी आत जाणारच नाही’ हा दुसरा आक्षेप ऐकायला बरा वाटतो. चकचकीत पॉलिश किंवा ऑइलपेंट ओलावा जायची-यायची गती कमी करतं, थांबवत नाही. लाकूड खाली हलत राहतं, वरचा थर ताणला जाऊन सांध्यापाशी तडकतो, आणि त्या केसासारख्या तड्यातून शिरलेलं पाणी मग त्याच थराखाली कोंडलं जातं. रंगानं झाकलेलं लाकूड पुष्कळदा उघड्या लाकडाच्या आधी कुजतं ते यामुळे. प्लायवूडचा पर्याय याहून विचार करण्याजोगा आहे. प्लायचे थर आडवे-उभे चिकटवलेले असल्यानं ते रुंदीत हलत नाही, म्हणजे माझा मुख्य मुद्दाच तिथे निकालात निघतो. अडचण कडांची आहे. बाजारातलं साधं कमर्शिअल प्लाय कडेनं पाणी पितं आणि थर सुटतात; आयएस 710 शिक्क्याचं मरीन प्लाय टिकेल, पण एका कुंडीसाठी ते विकत घेणं म्हणजे माशी मारायला तोफ. एमडीएफचं नावच काढू नये. ‘कुंडीखाली ताटली ठेवली की झालं’ असंही म्हणतात. ताटली जरूर ठेवावी, पण तिच्यातलं पाणी आठवड्यातून एकदा तरी ओतून ती कोरडी करावी. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवस आणि चमचाभर पाणी पुरतं. फळीवर ठेवलेल्या ताटलीखालचा ओला डाग दिसत नाही. फुलीवर ठेवलेल्या ताटलीखाली हात घालून पाहता येतं.

लाकूड कुठलं, याचं उत्तर खिशावर आहे. मेळघाटचा साग जवळच आहे आणि परतवाडा हे त्याच्या बाजाराचं जुनं ठिकाण. पण साग म्हणून जे काही मिळतं ते सगळं सारखं नसतं. सोनेरी-तपकिरी गाभ्यातच ते तेलकट द्रव्य असतं ज्याच्यामुळे वाळवी, म्हणजे आपल्याकडची उधई, तोंड लावत नाही. सालीलगतचा फिकट पांढरा पट्टा नावाला साग, उधईला तो बाकी लाकडांसारखाच. आरामशीनवर पडलेले तुकडे स्वस्तात मिळतात, पण त्यांत हा पांढरा पट्टा किती आहे ते पाहून घ्यावं. जुन्या दारं-खिडक्यांचं लाकूड विकणाऱ्यांकडे एखाद्या चौकटीचा तुकडा मिळाला तर उत्तमच, फक्त रंधा मारण्याआधी मोडलेले खिळे शोधून काढावेत. बाभूळ वखरा-तिफणीची, मजबुतीत सागाहून कमी नाही, पण जड, हट्टी, नीट वाळायला वेळ घेणारी, आणि तिच्यात कातडं कमावण्याच्या कामाचं टॅनिन भरपूर. ओल्या बाभळीत लोखंडी खिळा ठोकला की भोवती शाईसारखा काळा डाग पडतो. एमआयडीसीतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पाईनच्या पट्ट्याही चालतील, पण त्यांवर ‘एचटी’ शिक्का, म्हणजे औषधाऐवजी उष्णता देऊन कीड मारल्याची खूण, पाहून घ्यावी, आणि हे लाकूड ओल सोसत नाही हे धरून चालावं.

थराच्या पॉलिशऐवजी मुरणारं तेल. आपल्या भागात जवस पिकतं, आणि जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होतं. चटणीसाठी घरात येणारं हे पीक लाकडालाही उपयोगी पडतं. कच्चं तेल वाळायला फार दिवस घेतं, म्हणून हार्डवेअरच्या दुकानातलं उकळलेलं तेल घ्यावं, फडक्यानं पातळ लावावं, अर्ध्या तासानं जास्तीचं पुसून काढावं. ते फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकू नये. हे तेल वाळताना उष्णता सोडतं, घडीत ती साठते आणि फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. मेच्या दुपारी तर त्याला मदतच मिळते. दोरीवर पसरून वाळवावं किंवा पाण्याच्या बादलीत बुडवावं. तेलानं लाकूड कुजायचं थांबत नाही, ओल शिरण्याचा वेग कमी होतो इतकंच. खरी निगा पायांच्या तळाला हवी. आडवं कापलेलं टोक म्हणजे त्या नळ्यांच्या मोळीची उघडी तोंडं. बाजूनं जितकं पाणी शिरतं त्याच्या कितीतरी पट तिथून वर चढतं. स्टँड उलटा ठेवून तळाला दर दहा मिनिटांनी तेल पाजत राहावं, ते पिणं थांबेपर्यंत, आणि मग प्रत्येक पायाखाली रबराची बुची ठोकावी, म्हणजे फरशी धुतली तरी लाकूड पाण्यात उभं राहत नाही. पहिल्या मे महिन्यात फुली हातानं हलवून पाहावी. थोडी खुळखुळली तर तिथे गोंद किंवा भुशाची लांबी भरू नये. भरलेली फट ऑगस्टमध्ये काठीला जागा देत नाही आणि खाचेची कड फुटते. खालचा स्क्रू पाव फेरा आवळावा आणि मृगाची वाट पाहावी.